दुसऱ्या अंकातला पहारेकरी

घोषणा झाली तेव्हा बहगत उस्ताज दाढी करत होते. डावा गाल झाला होता. उजवा त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

"येत्या शुक्रवारी," रेडिओवरची बाई म्हणाली, "सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त अभिजात संगीत आणि नाटक. आमच्या संग्रहातल्या जुन्या फिती आता झिजत चालल्या आहेत. त्यांतल्या काही या दिवशी शेवटच्या वाजवल्या जातील." मग तिनं नावं वाचायला सुरुवात केली. दुपारच्या नाटकाचं नाव ऐकलं आणि उस्ताज तशाच फेसाळ गालानं स्वयंपाकघरात धावले.

"इन्शिराह! लावतायत!"

"काय लावतायत?"

"माझं नाटक!"

इन्शिराह मुलूखियाच्या पालेभाजीची पानं बारीक चिरत होती. तिचा हात थांबला नाही. "तुमचं नाटक कसलं? नाटक दुसऱ्याचं. तुमचं त्यात एक वाक्य."

हे खरं होतं, पण खरं असलं म्हणून बायकोनं बोलून दाखवावं असं थोडंच आहे? बहगत उस्ताज निवृत्त होईपर्यंत सरकारी शाळांत अरबी व्याकरणाचे तपासनीस होते, म्हणून सगळे त्यांना 'उस्ताज' म्हणजे गुरुजी म्हणत. तरुणपणी एकदा त्यांना कैरोच्या रेडिओ केंद्रावर बोलावणं आलं होतं. वेढ्यात सापडलेल्या एका शहराचं ऐतिहासिक नाटक होतं, आणि नटमंडळींचे विभक्तिप्रत्यय घसरत होते, ते सावरायला एक जाणकार हवा होता. त्याच दिवशी पहारेकऱ्याचं काम करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं. मोकळा माणूस एकच होता. अशा रीतीनं उस्ताज दुसऱ्या अंकातले पहारेकरी झाले. एक वाक्य बोलले, आणि वज़ीराच्या तलवारीनं मेले. मरतानाची किंकाळीसुद्धा त्यांनीच मारायची होती, पण ती फार व्याकरणशुद्ध आली, म्हणून दुसऱ्याकडून मारून घेतली.

नाटक तेव्हा एकदाच लागलं. इन्शिराहशी लग्न ठरलेलं होतं, पण तिच्या बापाच्या घरी रेडिओ नव्हता. म्हणजे बायकोनं ऐकलं नाही, सासऱ्यानं ऐकलं नाही, आणि कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या गल्लीत तर कुणीच ऐकलं नाही. उस्ताजांनी गेली कित्येक वर्षं चहाच्या दुकानात ही गोष्ट सांगितली होती आणि गेली कित्येक वर्षं लोक हसले होते. "उस्ताज, ते वाक्य तरी म्हणून दाखवा," असं कुणी म्हटलं, तर ते मान ताठ करत. "फुकट मिळणार नाही. लागेल तेव्हा ऐका."

आता लागणार होतं. तेही शेवटचं.

उस्ताजांनी त्याच दिवशी सगळ्या इमारतीला आमंत्रण दिलं. तळाच्या मजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक दार वाजवलं. पहिल्या मजल्यावर हाजी झैनहुम राहत. व्यवसायानं खाटीक, मनानं कबुतरवाले, आणि इमारतीतल्या एकमेव मोठ्या टेलिव्हिजनचे मालक.

"शुक्रवारी?" हाजी म्हणाले. "दुपारी? उस्ताज, शुक्रवारी दुपारी फुटबॉलची मॅच आहे. लालवाले आणि पांढरेवाले. अख्खी गल्ली माझ्या दिवाणखान्यात येणार. तुम्हीही या."

"हाजी, त्या वेळी मी बोलणार आहे."

"बोला की. मध्यंतरात बोला. लोकांना मी गप्प करतो."

उस्ताज वर आले ते पायऱ्यांवर पाय आपटत.

पण मॅचपेक्षा मोठी अडचण घरातच होती. त्यांचा रेडिओ बरीच वर्षं फक्त एकच केंद्र नीट पकडत असे, आणि संगीत-नाटकाचं केंद्र लावलं की आतून कांदे तळल्यासारखा आवाज येई. घोषणा ऐकू आली होती ती वारा अनुकूल होता म्हणून. म्हणून महरूसला बोलावलं. महरूस रेडिओ दुरुस्त करी, टेलिव्हिजन दुरुस्त करी, शिलाईमशिनं दुरुस्त करी, आणि एकदा तर त्यानं एका म्हातारीचे दातही दुरुस्त केले होते. गल्ली त्याला 'बाशमुहंदिस' म्हणे, म्हणजे थोरले इंजिनिअर. ही पदवी त्याला गल्लीनंच दिलेली असल्यामुळे ती काढून घेण्याचा अधिकारही कुणाला नव्हता.

महरूसनं रेडिओ उघडला, आत फुंकर मारली, बंद केला आणि म्हणाला, "आजार रेडिओला नाही, उस्ताज. आजार हवेत आहे. एवढे टेलिव्हिजनच्या अँटेनांचे खांब झालेत गच्च्यांवर! तुमच्या रेडिओला लांब तार पाहिजे. उंचावर."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तांब्याची तार बांधली गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर हाजींच्या कबुतरखान्यासमोरून. तिथून खाली आली ती उस्ताजांच्या बाल्कनीत. रेडिओ लावला, आणि काय आश्चर्य, त्यातून व्हायोलिनचे सूर असे स्वच्छ निघाले की इन्शिराहसुद्धा हात पुसत बाहेर आली.

"हं," ती म्हणाली. हा तिच्याकडचा सर्वोच्च सन्मान होता.

सूर चालू असतानाच खालून हाजींचा आवाज आला. कबुतरं उतरत नव्हती. संध्याकाळी आभाळात फिरवून आणलेली त्यांची सगळी कबुतरं तारेला भिऊन इमारतीभोवती घिरट्या घालत होती, आणि पलीकडच्या गल्लीतला दुसरा कबुतरवाला शीळ घालून त्यांना बोलवत होता.

"उस्ताज! माझी पांढरी मादी त्याच्याकडे उतरली ना, तर तुमचं वाक्य तुमच्याच घशात राहील!"

"हाजी, पक्ष्यांना सवय होते."

"बायकोला होते. पक्ष्याला होत नाही!"

हे सगळं समोरच्या बिऱ्हाडातल्या मदाम विदाद आपल्या बाल्कनीतून पाहत होत्या. मदाम विदाद विधवा होत्या आणि बाल्कनीत बसत. भाजीची टोपली दोरीनं खाली सोडायची आणि भाजी वर ओढायची, यात त्यांचा दिवस जाई, आणि टोपलीबरोबर बातम्याही वरखाली होत. लढाई संपून दीड-दोन वर्षं झाली होती, तरी हल्ल्याच्या रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून इमारतीच्या खिडक्यांवर फासलेला निळा रंग अजून कुणी खरवडला नव्हता. रेडिओवरही अधूनमधून सांगत असत, नागरिकांनो, डोळे उघडे ठेवा. मदाम विदाद यांना ते सांगावं लागत नसे. एक निवृत्त माणूस, मुलीचं लग्न होऊन गेलेलं, अचानक गच्चीवर लांब तार बांधतो, कानाला रेडिओ लावतो आणि विचारलं तर म्हणतो, "शुक्रवारी कळेल."

बुधवारी उस्ताजांना चौकीवर बोलावलं.

अधिकारी तरुण होता, इस्त्री कडक होती, चहात साखर भरपूर होती. टेबलावर तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, मेलेल्या सापासारखी.

"ही तार तुमची?"

"माझी."

"हिच्यावरून संदेश कुणाला पाठवता?"

"पाठवत नाही. येतात. म्हणजे घेतो."

चूक झाली हे उस्ताजांना वाक्य संपताना कळलं. अधिकारी पुढे झुकला. "कुणाकडून घेता?"

"रेडिओ केंद्राकडून! शुक्रवारी अभिजात संगीत आहे. सकाळी सुरुवातीलाच एक जर्मन आहे."

"जर्मन." अधिकाऱ्यानं कोपऱ्यातल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाची लेखणी चालू झाली. "कुठे राहतो?"

"मेला! मरून दीडशे वर्षं होत आली. शिवाय बहिरा होता."

"बहिरा?" अधिकारी विचारात पडला. "मग त्याला ऐकू कसं जातं?"

"त्याला नाही, मला ऐकू जातं! तो लिहायचा."

"आणि हे तुम्ही दिवसभर ऐकणार?"

"दिवसभर."

"कशासाठी?"

याचं उत्तर उस्ताजांजवळ होतं, पण चौकीवर सांगण्यासारखं नव्हतं. अधिकारी मायेनं म्हणाला, "साहेब, माणूस असलं काही दिवसभर आपणहून ऐकत नाही. त्याच्यामागे काहीतरी असतं."

शेवटी जबाब लिहून झाला. कारकुनानं तो उस्ताजांपुढे सरकवला. उस्ताजांनी चष्मा लावला, वाचला, आणि खाली ठेवला.

"मी यावर सही करणार नाही."

"का? काही खोटं लिहिलंय?"

"खरंखोटं तुमचं तुम्ही बघा. पण या वाक्यात कर्ता कुठे आहे? 'तार बांधून संशय आला.' कुणी बांधून? कुणाला आला? संशयानं तार बांधली का?"

कारकुनानं पुन्हा लिहिलं. उस्ताजांनी क्रियापद खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं. विशेषण लिंगाला जुळत नव्हतं. बाहेर एक चोर आणि ज्याची चोरी झाली तो असे दोघे ताटकळत होते, ते कंटाळून आपसात चहा पिऊ लागले. चौथ्या वेळी कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अधिकारी उठून उभा राहिला.

"जा, उस्ताज. घरी जा. हेर इतका वेळ घालवत नाही."

"आणि तार?"

"तार पुरावा आहे."

"कशाचा? गुन्हा तर झालाच नाही!"

"म्हणूनच. झाला की लागेल."

तार चौकीतच राहिली. दुसरी बांधायची तर परवानगी आणा, असं अधिकारी म्हणाला होता, म्हणून गुरुवारी सकाळी उस्ताज नगरपालिकेत गेले. तिथला माणूस म्हणाला, गच्ची घरमालकाची. घरमालक म्हणाला, गच्ची माझी, पण त्यावरची हवा सरकारची. हवेच्या कार्यालयात, कारण असं एक कार्यालय होतं, खिडकीपलीकडचा माणूस सँडविच खात होता. त्यानं विचारलं, "तार इमारतीला टेकते का?"

"दोन्ही टोकांना."

"मग ती इमारत. आमच्याकडे फक्त न टेकणारी हवा येते."

घरी येऊन उस्ताज सोफ्यावर पडले. इन्शिराहनं कोट काढला, चहात पुदिना घातला. मदाम विदाद दारातून डोकावल्या. आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं त्या म्हणाल्या, "उस्ताज, सोडा ना. एका वाक्यासाठी एवढं? माझे हे तर जन्मभर एक वाक्य बोलले नाहीत, तरी किती सुखात गेले."

"सोडणार नाही," उस्ताज सोफ्यावरून म्हणाले. आवाज थकलेला होता, पण त्यातला प्रत्यय जागच्या जागी होता.

संध्याकाळी महरूस आला. त्यानं सगळं ऐकलं आणि छातीवर हात ठेवला. "उस्ताज, नवी तार नको, परवानगी नको, कबुतरांना त्रास नको. माझ्यावर सोडा."

तो गच्चीवर गेला, थोडा वेळ खुडबुड झाली, आणि बाल्कनीत वरून एक जाड लोखंडी तार उतरली. महरूसनं ती खेचून खेचून कठड्याला बांधली. ती इतकी ताठ बसली की बोटानं छेडली तर वाजे. रेडिओ लावला. तांब्याच्या तारेपेक्षा स्वच्छ!

"बाशमुहंदिस, ही तार कुठली?"

"आहे वरचीच," महरूस म्हणाला. "पडून होती."

शुक्रवार उजाडला. बहगत उस्ताज आंघोळ करून, काळा सूट घालून, टाय बांधून रेडिओसमोर बसले. दाढी या वेळी दोन्ही गालांची होती. पुढ्यात घेवड्याची उसळ आणि भाकरी होती, पण त्यांनी घास घेतला नाही. संगीत सुरू झालं. बहिऱ्या जर्मनानं दार ठोठावल्यासारखे चार ठोके दिले आणि उस्ताजांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांना जाणवलं की वाद्यांच्या मागे कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटतंय, खणखण, खणखण, आणि तेही अगदी तालात.

"काय धाडस आहे बघ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्या काळात घण वापरला. वाद्य म्हणून."

इन्शिराह बाल्कनीत जाऊन आली. "गॅसवाला आलाय. टाकी वाजवतोय. घ्यायची का?"

उस्ताजांनी रेडिओला कान लावला. टाकी मात्र घ्यावी लागली.

मग पलीकडच्या इमारतीत गालिचे झोडपणं झालं. मदाम विदाद यांच्या टोपलीतून टोमॅटो रस्त्यावर सांडले, त्यावर चर्चा झाली. अलेक्झांड्रियाहून मुलीचा फोन तळमजल्यावरच्या दुकानात आला आणि दुकानदारानं चार मजले ऐकतील असा पुकारा केला. मुलीनं विचारलं, "बाबा, ऐकताय ना?" उस्ताज म्हणाले, "तुझ्याशी बोलतोय, म्हणजे ऐकत नाहीये." दुपारच्या नमाजासाठी रेडिओनंही विश्रांती घेतली आणि उस्ताजांनीही. मशिदीच्या पायऱ्यांवर हाजी झैनहुम चपला शोधत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"टेलिव्हिजन गेला, उस्ताज. सकाळपासून पडद्यावर नुसते तीळ. महरूसला दाखवला, तो म्हणतो आतली काच गेली, नवी बसवा. आणि म्हणाला मी जरा जाऊन येतो, तो गेला तो गेलाच."

उस्ताजांना खरंच वाईट वाटलं. "ईश्वर भलं करील. माझ्याकडे या, नाटक ऐका."

हाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उस्ताजांनी मुकाट्यानं दुसरी चप्पल शोधून दिली.

नाटक सुरू झालं. इन्शिराह म्हणाली, "पहिला अंक चालू आहे तोवर गच्चीवरचे कपडे काढून आणते. दुसऱ्याला येते." उस्ताजांनी मान हलवली. दार लोटलं गेलं, आणि त्यांनी उठून आतून कडी घातली. आता कुणी गॅसवाला नको, कुणी मदाम नको.

वेढा पडला. शहरातलं धान्य संपलं. राजा म्हातारा, वज़ीर फितूर. उस्ताज खुर्चीच्या कडेवर आले. पहिला अंक संपताना जिन्यात पावलं वाजली. एक जोडी नव्हे, पुष्कळ. दारावर थाप पडली.

"उस्ताज! दार उघडा!" हाजींचा आवाज. "आम्ही वर जाऊन आलो! माझ्या टेलिव्हिजनचा खांब वाकलाय! तुमच्याकडे वाकलाय! नमाज पढल्यासारखा!"

"कुणी वाकवला?"

"तुमच्या तारेनं! ती तुमची तार नाहीच, ती माझ्या खांबाला ताणून धरणारी तार आहे! त्या महरूसनं गच्चीवरून सोडली आणि तुमच्या कठड्याला बांधली! मॅच सुरू झाली, उस्ताज! उघडा!"

उस्ताजांनी घसा साफ केला. "मग वरून कापा."

"वरून कापली तर खांब कबुतरांवर पडेल! खालूनच हळूहळू सैल करायला हवी! तुमच्या बाल्कनीतून!"

रेडिओवर दुसऱ्या अंकाचे नगारे वाजले.

"हाजी," उस्ताज दाराला तोंड लावून म्हणाले, "माझं होऊ द्या. मग खांब काय, मलाच घेऊन जा."

बाहेर गल्ली गोळा झाली होती. प्रत्येकाजवळ सल्ला होता. कुणी म्हणालं दार तोडा, कुणी म्हणालं दाराचा खर्च कोण देणार. कुणी म्हणालं मॅच रेडिओवर ऐकू, तर हाजींनी टेलिव्हिजन आणल्याच्या आनंदात आपला रेडिओ मेहुण्याला देऊन टाकलेला. मदाम विदाद म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते, या तारेत काहीतरी आहे." हाजींनी आधी धमकी दिली, मग गळ घातली. मग म्हणाले, "उस्ताज, कबुतरांची एक जोडी देतो. भात भरून. सित्त इन्शिराह किती छान करतात!" उस्ताजांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"बहगत." हा आवाज इन्शिराहचा होता. ती कपड्यांचं गाठोडं घेऊन त्याच गर्दीत अडकली होती. "मला तरी आत घ्या."

ही मात्र कसोटी होती. वज़ीर अंधारात वेशीकडे निघाला होता. पावलं वाजत होती, रेडिओतही आणि जिन्यातही. दार उघडलं तर इन्शिराहबरोबर हाजी येणार, हाजींबरोबर गल्ली, आणि तार सैल होणार ती नेमकी त्या क्षणी.

"इन्शिराह, तिथूनच ऐक," उस्ताज म्हणाले. त्यांनी रेडिओचा कान पार शेवटपर्यंत पिळला.

सगळ्या जिन्यात वज़ीराचा आवाज घुमला. "पहारेकरी! वेस उघड. हा राजाचा हुकूम आहे असं समज."

हाजींनी दारावर मूठ आपटली. "उघडा!"

आणि रेडिओतून एक तरुण, कोवळा, जरा घाबरलेला, पण शब्दाच्या शेवटच्या स्वरापर्यंत ताठ असा आवाज आला. त्याच क्षणी, त्याच्याबरोबर, दाराला पाठ लावून उभे असलेले बहगत उस्ताजही बोलले. ते बोलणार आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"दरवाजा मी उघडणार नाही. राजानं सांगितलं तरी नाही."

मग तलवार. मग दुसऱ्याच कुणाची तरी किंकाळी.

जिन्यात खालच्या दुकानातला बर्फ फोडण्याचा आवाज वर आला.

आणि इथे बहगत उस्ताजांनी ती गोष्ट केली, जी शहाणा माणूस करत नाही, पण नट करतो. टाळ्या पडतील म्हणून त्यांनी कडी काढली आणि दार उघडलं.

"ऐकलंत?"

सगळ्यात पुढे हाजी होते. त्यांनी आधी पाय दारात रोवला आणि मग बोलले. "ऐकलं. तुम्ही आतून ओरडलात, 'दरवाजा मी उघडणार नाही.' ते तर आम्हाला दिसतच होतं!"

"अहो, तो रेडिओ होता!"

"रेडिओ कशाला माझ्याशी असं बोलेल?"

"माझा आवाज होता, हाजी! त्या वेळचा!"

"आवाज तुमचाच होता, तेच तर म्हणतोय आम्ही." मागून कुणीतरी हसलं. मदाम विदाद म्हणाल्या, "पुस्तकी बोललात मात्र छान. शाळा आठवली."

इतकी वर्षं थांबून, चौकी, नगरपालिका, हवेचं कार्यालय पार करून, अख्ख्या गल्लीनं ते वाक्य ऐकलं, आणि ऐकूनही ते ऐकलंच नाही. उस्ताजांनी तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना क्रियापद सापडेना.

तेव्हा इन्शिराह गर्दीतून पुढे आली. गाठोडं तिनं हाजींच्या हातात दिलं, आणि हाजींनी ते विचार न करता घेतलं.

"दोन आवाज होते," ती म्हणाली.

"सित्त इन्शिराह, तुम्ही नवऱ्याची बाजू घेणारच."

"मी? मी नवऱ्याची बाजू कधी घेतली?" हे सगळ्यांना पटलं. "दोन होते. एक हा, रोजचा, घोरणारा. आणि एक दुसरा. हा आवाज घेऊन एक मुलगा आमच्या घरी आला होता. माझ्या बापानं त्याला विचारलं, मुलीला सुखात ठेवशील? तर तो म्हणाला, प्रश्नात एक चूक आहे." तिनं उस्ताजांकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढली. "तो आवाज मी विसरले होते. तो मी आत्ता ऐकला. आता कुणाला काही म्हणायचंय?"

हाजी झैनहुमनी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर, मान्य करायला हवं, थोडा आदर उमटला.

"बरं. असेल. शाबास, उस्ताज. छान मेलात." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पण आता झालं ना तुमचं? सोडा तार. दुसरा हाफ तरी पाहू द्या."

उस्ताजांनी मागे वळून रेडिओकडे पाहिलं. नगारे पुन्हा वाजायला लागले होते. उद्याच्या हल्ल्याची तयारी चालली होती.

"तिसरा अंक बाकी आहे," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्ही दुसऱ्यातच मेलात!"

"मी मेलो, हाजी," बहगत उस्ताज टाय सारखा करत म्हणाले. "शहर अजून पडलेलं नाही."

हाजींनी आभाळाकडे हात नेले, आणि त्यासाठी त्यांना पाय हलवावा लागला. तेवढ्यात इन्शिराहनं आपलं गाठोडं त्यांच्या काखेतून ओढून घेतलं, आत आली, दार लावलं, आणि कडी तिनं स्वतः घातली.